कनानचा एल आणि इस्राएलचा याहवे

हिब्रू बायबलमधील ऐतिहासिक ग्रंथ वाचताना एक विसंगती लक्षात येते. कनान देशातील दैवतांचा निषेध हा या ग्रंथांचा जणू स्थायीभाव आहे. बआल या देवाचे नाव बहुधा निंदेसहच येते. अशेरा या देवीचे स्तंभ तोडून जाळून टाकावेत, अशी आज्ञा वारंवार दिलेली आढळते. परंतु ज्या कनानी देवमंडळातील ही दैवते, त्याच मंडळाचा प्रमुख आणि देवांचा पिता जो एल, त्याच्याविरुद्ध मात्र निषेधाचा सूर कोठेही उमटलेला नाही. उलट इस्राएल लोकांचे आद्य पुरुष अब्राहाम आणि याकोब एलच्याच नावाने उपासना करतात, आणि खुद्द ‘इस्राएल’ या नावाच्या अखेरीस ‘एल’ हाच शब्द आहे. एकाच घराण्यातील एका देवाचा एवढा द्वेष आणि दुसऱ्याचा एवढा आदर का, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी इस्राएलच्या देवकल्पनेच्या उगमाकडे नेणारा आहे.

परंपरेने सांगितलेली हकीकत सर्वपरिचित आहे. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक मोशेच्या नेतृत्वाखाली अरण्यात आले. तेथे त्यांना याहवे या एकमेव देवाचे नियमशास्त्र मिळाले. पुढे यहोशवाच्या नेतृत्वाखाली त्यांनी कनान देश जिंकला आणि तेथील लोकांच्या संगतीने ते वेळोवेळी परक्या देवांच्या नादी लागले. या चित्रात इस्राएलचा धर्म बाहेरून, पूर्ण विकसित रूपात कनानमध्ये येतो आणि कनानी श्रद्धा म्हणजे त्याला नंतर लागलेला मळ ठरतो. विसाव्या शतकातील उत्खननांनी आणि त्यांत हाती आलेल्या लेखांनी हे चित्र पालटले. इस्राएलची श्रद्धा कनानच्याच भूमीत वाढली; तेथील काही दैवतांना सामावून घेत आणि काहींना नाकारत तिच्या देवाचे रूप घडत गेले, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

उगारीटचे लेख

कनानी धर्माची माहिती दीर्घ काळ त्याच्या विरोधकांकडूनच मिळत होती. पराभूताची कैफियत जेत्याच्या दप्तरातून वाचावी, तसाच तो प्रकार होता. १९२८ साली सीरियाच्या किनाऱ्यावर, लाटाकिया शहराच्या उत्तरेस, एका शेतकऱ्याच्या नांगराला प्राचीन थडग्याचा दगड लागला. पुढच्याच वर्षी क्लोद शेफर या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने तेथे उत्खनन सुरू केले. जवळच्या रास शामरा या टेकाडाखाली उगारीट हे प्राचीन नगर होते. इ. स. पू. ११८५ च्या सुमारास ते नष्ट झाले आणि पुन्हा वसले नाही. त्यामुळे तेथील मृत्तिकापट्ट जागच्या जागी राहिले.

या पट्टांपैकी अनेकांवर एक अपरिचित लिपी कोरलेली होती. दिसायला ती मेसोपोटेमियाच्या कीलाकार लिपीसारखी होती. पण तिच्यात अवघी ३० चिन्हे होती. यावरून ती वर्णमाला असावी हे उघड झाले. हान्स बाउअर, एद्वार दोर्म आणि शार्ल विरोलो या तिघांच्या प्रयत्नांनी १९३० च्या सुमारास तिचा उलगडा झाला. लेखांची भाषा हिब्रूच्या जवळच्या नात्यातील निघाली. बआलाची सहा पट्टांवरील दीर्घ कथा, किर्ता या राजाची कथा आणि अखात या तरुणाची कथा या लेखांतून प्रकाशात आल्या. ज्या देवांची नावे केवळ निंदेच्या संदर्भात ठाऊक होती, त्यांच्याविषयी त्यांच्या भक्तांनीच लिहिलेले साहित्य प्रथमच हाती आले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. उगारीट हे नगर कनानच्या सीमेबाहेर, उत्तरेस होते. शिवाय हे लेख बायबलमधील बहुतेक ग्रंथांपेक्षा कित्येक शतकांनी जुने आहेत. म्हणून उगारीटचा धर्म आणि दक्षिणेकडील कनानी धर्म सर्वांशी एकच होते असे समजणे चुकीचे ठरेल. तथापि भाषा, देवांची नावे, त्यांची बिरुदे आणि काव्यातील शब्दयोजना यांत इतके साम्य आहे की दोहोंमागे समान परंपरा होती हे मान्य करावे लागते.

वृद्ध पिता आणि तरुण वीर

उगारीटच्या देवमंडळाची रचना एका मोठ्या एकत्र कुटुंबासारखी आहे. एल हा त्या कुटुंबाचा कर्ता पुरुष होय. तो वयोवृद्ध, शहाणा आणि दयाळू आहे. ‘बैल’, ‘वर्षांचा पिता’, ‘प्राणिमात्रांचा निर्माता’ अशी त्याची बिरुदे आहेत. दोन नद्यांच्या उगमापाशी त्याचे निवासस्थान आहे. अथिरात ही त्याची पत्नी असून तिला सत्तर पुत्र आहेत. महत्त्वाच्या प्रसंगी देवांची सभा भरते आणि एलची अनुमती मिळाल्याखेरीज कोणतीही मोठी गोष्ट होत नाही. हाच एल मनुष्यांवरही कृपा करतो. ज्याचे कुटुंब नष्ट झाले आहे अशा किर्ता राजाला तो स्वप्नात दर्शन देतो आणि वंश पुढे चालण्याचा मार्ग सांगतो. निपुत्रिक दानेलला त्याच्याच आशीर्वादाने पुत्र होतो. अब्राहामाच्या कथेत वृद्धापकाळी पुत्राचे वचन देणारा देव वाचकाला येथे सहज आठवतो.

बआल याहून अगदी भिन्न आहे. ‘बआल’ या शब्दाचा अर्थ स्वामी असा आहे. हदाद या पर्जन्यदेवाचे ते बिरुद होते. मेघांवर आरूढ होणारा, विजेचे शस्त्र धारण करणारा हा तरुण योद्धा यम्म म्हणजे समुद्र याच्याशी झुंजतो व त्याला नमवतो. विजयानंतर साफोन पर्वतावर त्याचे मंदिर उभे राहते. पुढे मोट म्हणजे मृत्यू त्याला गिळतो आणि पृथ्वी कोरडी पडते. अखेर अनात ही वीरदेवी मोटचा नाश करते आणि बआल पुन्हा प्रकट होतो. या कथेमागील चिंता समजणे कठीण नाही. कनानमध्ये नाईल किंवा युफ्रेटिससारखी महानदी नाही. साधारणतः ऑक्टोबर ते एप्रिल या काळात पडणाऱ्या पावसावरच तेथील पीक अवलंबून असे आणि उन्हाळा पूर्ण कोरडा जाई. पाऊस आणणारा देव हा तेथील शेतकऱ्याच्या दृष्टीने जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

डोंगरातील खेडी

या देवांना मानणाऱ्या प्रदेशात इस्राएल लोक केव्हा व कसे आले? इस्राएलचा सर्वांत जुना निश्चित उल्लेख मिसरचा राजा मर्नेप्ताह याच्या विजयस्तंभावर आहे. फ्लिंडर्स पेट्री यांना तो १८९६ साली थीब्झ येथे सापडला. इ. स. पू. १२०८ च्या सुमाराच्या या लेखात अश्कलोन, गेझेर आणि यानोआम या नगरांबरोबर इस्राएलचे नाव येते. मात्र नगरांच्या नावांपुढे प्रदेशदर्शक चिन्ह असून इस्राएलपुढे लोकसमूहदर्शक चिन्ह आहे. याचा अर्थ त्या वेळी इस्राएल नावाचा समाज कनानमध्ये होता, पण त्याचे नगरराज्य नव्हते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य कनानच्या डोंगराळ भागाची पद्धतशीर पाहणी झाली. इ. स. पू. १२०० च्या आसपास तेथे सुमारे अडीचशे लहान खेडी नव्याने वसल्याचे तीत आढळले. ही वस्ती इस्राएलच्या पूर्वजांची असावी असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पण परक्या जेत्यांची म्हणता येईल अशी कोणतीही स्पष्ट खूण तेथे नाही. मडकी कनानी परंपरेतील आहेत, भाषा कनानी समूहातील आहे आणि पुढे वापरात आलेली लिपीही कनानीच आहे. यशयाच्या ग्रंथात तर हिब्रू भाषेला ‘कनानची भाषा’ असेच म्हटलेले आहे. दुसरीकडे, यहोशवाने जिंकल्याचे सांगितलेले आय हे नगर त्या काळापूर्वी हजार वर्षांहून अधिक काळ ओसाड पडलेले होते, असे उत्खननात दिसून आले. यरीहोच्या उत्खननातही त्या काळातील तटबंदीचा पुरावा मिळाला नाही.

यावरून असा निष्कर्ष निघतो की आद्य इस्राएल समाजाचा मोठा भाग कनानच्याच रहिवाशांचा होता. किनारी नगरांची सत्ता ढासळल्यावर डोंगरात गेलेले शेतकरी, तसेच पशुपालक आणि बाहेरून आलेले काही गट यांच्या मिश्रणातून तो घडला असावा. मिसरमधून सुटून आलेला एखादा लहान गट त्यात असणे शक्य आहे आणि त्याची स्मृती पुढे सर्वांची स्मृती झाली असावी. या समाजाने स्वतःला ‘इस्राएल’ म्हणवून घेतले ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. याहवे हा आरंभापासून त्याचा मुख्य देव असता, तर पुढील काळातील असंख्य हिब्रू नावांप्रमाणे या नावातही ‘याह’ हा अंश आला असता. प्रत्यक्षात तेथे ‘एल’ आहे.

दक्षिणेकडून आलेले नाव

मग याहवे कोठून आला? उगारीटच्या देवमंडळात या नावाचा देव असल्याचा सर्वमान्य पुरावा नाही. बायबलमधील काही अतिप्राचीन मानली गेलेली काव्ये मात्र एकमुखाने दक्षिणेकडे बोट दाखवतात. शास्ते या ग्रंथातील दबोरेचे गीत, अनुवादाच्या अखेरीस असलेला मोशेचा आशीर्वाद आणि हबक्कूकाची प्रार्थना यांत याहवे सेईर, अदोम, पारान व तेमान या भागांतून येतो असे वर्णन आहे. हे सर्व प्रदेश कनानच्या दक्षिणेस आणि आग्नेयेस आहेत. मोशेला या देवाचे दर्शनही मिद्यान देशात, सासऱ्याची मेंढरे राखत असताना घडते.

याला मिसरी लेखांचा आधार मिळतो. नुबियातील सोलेब येथे तिसऱ्या आमेनहोतेपने इ. स. पू. चौदाव्या शतकात बांधलेल्या मंदिरात शासू नावाच्या भटक्या लोकांच्या प्रदेशांची यादी कोरलेली आहे. तिच्यातील एक नाव ‘यहव’ असे वाचता येते. ते देवाचे नाव होते की प्रदेशाचे, याविषयी मतभेद आहेत. परंतु दक्षिणेकडील भटक्या जमातींशी त्याचा संबंध होता, ही गोष्ट बायबलमधील काव्यांशी जुळते. म्हणून याहवे हा दक्षिणेच्या वाळवंटी भागातील, वादळाशी आणि युद्धाशी निगडित असा देव असावा आणि व्यापारी किंवा पशुपालक गटांबरोबर तो डोंगरातील एलभक्तांपर्यंत पोहोचला असावा, हे मत आज बरेच मान्यता पावले आहे.

दोन देवांचे एकरूपत्व

हा नवा देव आणि जुना एल यांचा संबंध आरंभी कसा होता, याची एक खूण अनुवादाच्या ३२ व्या अध्यायात राहून गेली आहे. परात्पर देवाने, म्हणजे एल्योनने, निरनिराळ्या राष्ट्रांची वाटणी केली आणि याकोबाचे लोक याहवेच्या वाट्याला आले, असा तेथील आशय आहे. प्रचलित हिब्रू संहितेप्रमाणे ही वाटणी ‘इस्राएलच्या पुत्रां’च्या संख्येनुसार झाली. परंतु मृत समुद्राजवळील कुमरान येथे १९४७ नंतर सापडलेल्या हस्तलिखितांपैकी एका तुकड्यात त्या जागी ‘देवाच्या पुत्रां’च्या असा पाठ आहे. प्राचीन ग्रीक भाषांतराचाही पाठिंबा याच पाठाला आहे. हा पाठ मूळचा धरला, तर परात्पर देवाने आपल्या पुत्रांना एकेक राष्ट्र वाटून दिले आणि त्यांत याहवेला इस्राएल मिळाले, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायातील राष्ट्रांची संख्याही परंपरेने सत्तर मानली जाते. अथिरातच्या पुत्रांची संख्या सत्तरच होती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुढे हे अंतर नाहीसे झाले आणि याहवे व एल एकच मानले जाऊ लागले. निर्गमाच्या सहाव्या अध्यायात हे एकरूपत्व उघडपणे मांडलेले आहे. अब्राहाम, इसहाक व याकोब यांना आपण एल शद्दाय या नावाने दर्शन दिले, याहवे हे आपले नाव त्यांना कळवले नव्हते, असे देव तेथे मोशेला सांगतो. उत्पत्तीच्या ग्रंथात एलची स्थानपरत्वे निरनिराळी नावे आढळतात. शालेम येथे तो एल एल्योन आहे, बैरशेबा येथे एल ओलाम म्हणजे सनातन एल आहे. बेथेल या नगराच्या नावाचा अर्थच ‘एलचे घर’ असा आहे. शखेम येथे याकोब वेदी उभारतो आणि तिला ‘एल हा इस्राएलचा देव’ या अर्थाचे नाव देतो. बायबलच्या मराठी अनुवादात एल एल्योन याचे ‘परात्पर देव’, एल शद्दाय याचे ‘सर्वसमर्थ देव’ आणि याहवे याचे ‘परमेश्वर’ असे रूपांतर केलेले आहे. भक्ताच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र ही एकेकाळी विशेषनामे होती, हे त्यामुळे मराठी वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही.

आल्ब्रेख्ट आल्ट या जर्मन विद्वानाने १९२९ साली, म्हणजे उगारीटचे उत्खनन सुरू झाले त्याच वर्षी, आद्य पूर्वजांचे देव हे भटक्या टोळ्यांचे अनाम कुलदेव होते असे प्रतिपादन केले होते. उगारीटच्या लेखांचा अभ्यास झाल्यावर फ्रँक मूर क्रॉस या अमेरिकन अभ्यासकाने १९७३ च्या आपल्या ग्रंथात पूर्वजांचा देव एलच होता या मताची सविस्तर मांडणी केली. एलकडून याहवेकडे नेमके काय आले, याची यादी लहान नाही. सृष्टीचा निर्माता, अनादी, शहाणा व दयाळू पिता, स्वर्गीय सभेचा अध्यक्ष, निपुत्रिकाला संतती देणारा ही सर्व एलची रूपे होत. यराबाम राजाने बेथेल आणि दान येथे सोन्याची वासरे उभारली, त्यामागेही एलच्या वृषभरूपाची जुनी परंपरा असावी. दोथानजवळच्या एका डोंगरावर सापडलेली इ. स. पू. बाराव्या शतकातील बैलाची कांस्यमूर्ती या परंपरेची साक्ष देते.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. एलची निंदा बायबलमध्ये नाही, कारण इस्राएलच्या दृष्टीने एल परका राहिलाच नव्हता. आपल्याच देवाचा निषेध कोण करील?

बआलाशी संघर्ष

बआलाच्या बाबतीत हे घडले नाही. परंतु त्याच्याशी असलेले वैर आरंभापासूनचे होते असेही नाही. इस्राएलचा तारक गिदोन याचे दुसरे नाव यरुब्बाल होते. शौल राजाच्या एका पुत्राचे नाव एश्बआल, म्हणजे ‘बआलाचा पुरुष’, असे होते. दावीदाच्या एका योद्ध्याच्या बआल्या या नावाचा अर्थ ‘याहवे हाच बआल’ असा होतो. या काळात ‘स्वामी’ या अर्थी हे बिरुद याहवेलाही लावले जात असावे. पुढच्या पिढ्यांना ही नावे खटकू लागली. म्हणून शमुवेलाच्या ग्रंथात एश्बआलचे ईश-बोशेथ झाले. ‘बोशेथ’ म्हणजे लज्जा. इतिहास या ग्रंथात मात्र जुने नाव टिकून राहिले, आणि त्यामुळेच हा बदल उघडकीस आला. शोमरोन येथे १९१० मध्ये सापडलेल्या इ. स. पू. आठव्या शतकातील खापरांच्या लेखांतही याहवेयुक्त आणि बआलयुक्त अशी दोन्ही प्रकारची नावे शेजारी शेजारी आढळतात.

संघर्ष तीव्र झाला तो इ. स. पू. नवव्या शतकात. अहाब राजाने फिनीशियन राजकन्या ईजबेल हिच्याशी विवाह केला आणि राजाश्रयाने बआलाची पूजा वाढली. त्या काळी भीषण अवर्षण पडले. कर्मेल पर्वतावर संदेष्टा एलीया आणि बआलाचे संदेष्टे यांच्यात झालेल्या सामन्याची कथा याच पार्श्वभूमीवरची आहे. पाऊस कोण पाडतो, हा त्या कथेतील खरा प्रश्न होता. पाऊस याहवेच पाडतो असे ठरल्यावर बआलाला काही कामच उरत नव्हते. आठव्या शतकातील होशेय तर याहवेला यापुढे ‘माझा बआल’ असे संबोधूच नये असे सांगतो.

बआलाला नाकारताना त्याची सामर्थ्ये मात्र याहवेकडे आली. स्तोत्रसंहितेत मेघांना रथ करणारा, समुद्राला दटावणारा, लिव्याथानाची मस्तके ठेचणारा असा याहवे भेटतो. उगारीटच्या काव्यात बआलाचा शत्रू असलेला सात मस्तकांचा लोतान हाच हा लिव्याथान होय. यशयाच्या २७ व्या अध्यायात या सर्पाला लावलेली विशेषणे उगारीटच्या विशेषणांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. २९ व्या स्तोत्रात याहवेच्या वाणीचा सात वेळा उल्लेख असून तिच्या गडगडाटाने लबानोनचे देवदार मोडून पडतात. हे स्तोत्र मूळ बआलाचे असावे असे मत एच. एल. गिन्सबर्ग यांनी १९३५ मध्ये मांडले होते. ४८ व्या स्तोत्रात तर यरुशलेममधील सियोन डोंगराला बआलाच्या साफोनचेच नाव दिलेले आहे.

अशेरेचा प्रश्न

एलचे स्थान याहवेकडे आले, तेव्हा एलच्या पत्नीचे काय झाले? उगारीटची अथिरात म्हणजेच हिब्रूतील अशेरा. सिनायच्या ईशान्य भागात कुन्तिल्लेत अज्रूद येथे १९७५–७६ मध्ये झेएव मेशेल यांनी केलेल्या उत्खननात इ. स. पू. ८०० च्या सुमाराचे मोठे रांजण सापडले. त्यांच्यावर ‘शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा’, तसेच ‘तेमानचा याहवे आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने आशीर्वाद लिहिलेले आहेत. हेब्रोनजवळच्या खिर्बेत एल-कोम येथील थडग्यातही अशाच अर्थाचा लेख मिळाला. येथे ‘अशेरा’ म्हणजे देवी की तिचे प्रतीक असलेला लाकडी स्तंभ, हा वाद संपलेला नाही. हिब्रूत विशेषनामाला ‘त्याची’ असा प्रत्यय लावण्याची रीत नाही. त्यामुळे स्तंभ हा अर्थ अनेकांना अधिक सयुक्तिक वाटतो. कोणताही अर्थ घेतला तरी याहवेच्या उपासनेत अशेरेला स्थान होते आणि उपासकांना त्यात काही वावगे वाटत नव्हते, एवढे निश्चित.

यहूदाचा राजा योशीया याने इ. स. पू. ६२२ च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिरातून अशेरा बाहेर काढून किद्रोन ओढ्यापाशी जाळली. परक्या देवळातून नव्हे, तर याहवेच्या मंदिरातूनच ती काढावी लागली, ही गोष्ट बोलकी आहे. सामान्य लोकांना हा बदल सहज रुचला नाही. यरुशलेमच्या पाडावानंतर मिसरमध्ये आश्रय घेतलेल्या स्त्रिया यिर्मयाला स्पष्ट ऐकवतात की स्वर्गराणीला धूप व पेयार्पण देणे आम्ही थांबवले, तेव्हापासूनच आमच्यावर अनर्थ कोसळला. संदेष्ट्याच्या मते अनर्थ ओढवला तो त्या पूजेमुळे. त्या स्त्रियांच्या मते तो ओढवला ती पूजा बंद केल्यामुळे. घरोघरच्या श्रद्धेचा आवाज बायबलमध्ये इतक्या स्पष्टपणे क्वचितच ऐकू येतो.

एकमेव देवाकडे

इतर राष्ट्रांना त्यांचे देव असतात हे प्राचीन इस्राएललाही मान्य होते. १८६८ मध्ये प्रकाशात आलेल्या मवाबच्या मेशा राजाच्या शिलालेखात कमोश हा देव आपल्या देशावर कोपला म्हणून इस्राएलने मवाबला पीडा दिली, असे सांगितले आहे. हीच विचारसरणी इस्राएलचीही होती. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी उत्तरेचे राज्य बुडवले आणि ५८६ मध्ये बाबिलोन्यांनी यरुशलेमचे मंदिर जाळले, तेव्हा या विचारसरणीपुढे पेच उभा राहिला. राष्ट्राचा पराभव म्हणजे राष्ट्रदेवाचा पराभव, असे मानले तर याहवेची उपासना तेथेच संपली असती. संदेष्ट्यांनी वेगळे उत्तर दिले. हा याहवेचा पराभव नसून त्यानेच आपल्या लोकांना केलेले शासन आहे, असे त्यांनी सांगितले. पण जो देव अश्शूर आणि बाबेल यांना आपल्या हातातील दंडाप्रमाणे वापरतो, तो केवळ एका राष्ट्राचा देव राहू शकत नाही. बंदिवासाच्या अखेरीस, कोरेश राजाच्या उदयकाळी रचलेल्या यशयाच्या ग्रंथाच्या उत्तरभागात याहवेवाचून दुसरा देवच नाही, ही घोषणा निःसंदिग्धपणे केलेली आहे.

या घोषणेला लागणारी सामग्री कनानी वारशात अगोदरच तयार होती. सर्व राष्ट्रांवर सत्ता असणारा निर्माता ही कल्पना एलची होती. ८२ व्या स्तोत्रात तर हे स्थित्यंतर जणू डोळ्यांदेखत घडते. देवांच्या सभेत उभा राहून देव इतर देवांना अन्यायाबद्दल जाब विचारतो. दुबळे व अनाथ यांचा त्यांनी न्याय केला नाही, म्हणून तेही मनुष्यांप्रमाणे मरतील, असा निर्णय तो देतो. कनानी देवसभा येथे भरलेली दिसते, ती बरखास्त होण्यासाठीच. तिचे सभासद पुढे देवदूत या नावाने सेवकवर्गात उरले.

तथापि हा बदल सर्वत्र एकदम झाला नाही. नाईल नदीतील एलेफंटाइन बेटावर इ. स. पू. पाचव्या शतकात यहूदी सैनिकांची वसाहत होती. तेथे याहूचे स्वतंत्र मंदिर होते, आणि तेथील कागदपत्रांत अनात-याहू या नावाने घेतलेली शपथ आढळते. उगारीटच्या वीरदेवीचे नाव शेकडो कोसांवरच्या या बेटावर, सात-आठ शतकांनंतरही याहवेच्या नावाला जोडलेले होते.

वारसा आणि वेगळेपण

येथवरच्या विवेचनाचा अर्थ असा नव्हे की इस्राएलचा धर्म म्हणजे नाव बदललेला कनानी धर्म होय. उगारीटच्या शोधानंतरच्या काही दशकांत जिकडेतिकडे साम्ये शोधण्याचा उत्साह बळावला होता. पुढे त्याला आवर घालावा लागला. बआल मरतो आणि परत येतो. याहवे कधी मरत नाही. उगारीटच्या देवांना वंशावळी आहेत, विवाह आहेत, भांडणे आहेत. याहवेची जन्मकथा कोणी सांगत नाही. त्याची मूर्ती करण्यास मनाई आहे. आणि एका लोकसमूहाशी केलेला करार, त्या करारातून येणारा दीनदुबळ्यांविषयीचा न्याय, हे या श्रद्धेचे हृदय बनले. घटक जुने असले तरी त्यांची जुळणी नवी होती.

या अभ्यासाने एका मोठ्या अन्यायाचे काही अंशी निवारण झाले आहे. शतकानुशतके कनानी म्हणजे धर्मभ्रष्ट, नष्ट होण्यासच पात्र असे लोक, ही प्रतिमा रूढ होती. प्रत्यक्षात ते इस्राएलचे शेजारी तर होतेच, बहुतांशी पूर्वजही होते. बायबलमधील त्यांच्याविषयीचा कडवटपणा दूरच्या शत्रूविषयीचा नाही. तो वाटणी झालेल्या भावांच्या भांडणातला आहे. जवळच्या नात्यातच वेगळेपण इतक्या आवेशाने सिद्ध करावे लागते.

कल्पनेचा उगम कळल्याने तिचे मोल कमी होत नाही. यहूदी, ख्रिस्ती आणि इस्लाम या तिन्ही धर्मांच्या देवकल्पनेमागे इस्राएलच्या या दीर्घ प्रवासाचा वारसा आहे. एका डोंगराळ, कोरड्या मुलखातील शेतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी आपल्या पूर्वजांचा दयाळू पिता आणि दक्षिणेकडून आलेला योद्धा यांना एकत्र पाहिले. पावसासाठी दुसऱ्या कोणाकडे जाण्याचे त्यांनी हळूहळू सोडले, आणि सर्वस्व गमावल्यावर हाच देव साऱ्या जगाचा आहे असे म्हणण्याचे धैर्य दाखवले. हा सारा प्रवास कनानच्या भूमीवर सुरू झाला. ‘इस्राएल’ या नावातील अखेरचे अक्षर आजही त्याची आठवण देत आहे.